‘इन्कल्केट’ या क्रियापदाविषयी नवदीक्षित मातापित्यांस



आपण नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे. देव्हाऱ्यातील जुने देव गेले, भिंतीवर तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा आली, लग्नाचे आणि नामकरणाचे विधी बदलले. हे सर्व करताना नात्यागोत्याचा रोष आपण पत्करला, कोणाला गावकीचा पत्करावा लागला. आता आपल्या मनात जो प्रश्न सर्वांत अधिक घोळत असेल तो मुलाबाळांचा आहे. आपण जे एवढ्या कष्टाने सोडले ते त्यांनी उद्या पुन्हा उचलू नये, आणि आपण जे स्वीकारले ते त्यांच्या अंगी उतरावे, ही आपली तळमळ आहे. ती योग्य आहे. या तळमळीतूनच आपण मंडळे स्थापन करता, विहाराची नोंदणी करता, बालवर्ग भरविता. या कामी एका इंग्रजी क्रियापदाचा आपल्याकडे फार संचार झालेला आहे, आणि त्याविषयीच आज आपणांशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

मी पुष्कळ वर्षे शाळेत इंग्रजी शिकविले. त्यामुळे नव्या मंडळांचे चिटणीस आपल्या घटनेचा इंग्रजी मसुदा तपासण्यासाठी माझ्याकडे घेऊन येतात. प्रत्येक मसुदा निराळ्या गावचा, निराळ्या हातचा. परंतु उद्दिष्टांच्या कलमात एक वाक्य बहुधा ठरलेले असते. ‘टू इन्कल्केट बुद्धिस्ट व्हॅल्यूज् इन द यंगर जनरेशन.’ शाळाप्रवेशाच्या माहितीपत्रकांत, शासकीय परिपत्रकांत, स्नेहसंमेलनाच्या अहवालांतही हेच क्रियापद भेटते. ते भारदस्त आहे. ‘टीच’ म्हटले तर साधे वाटते. ‘इन्कल्केट’ म्हटले की कागदाला वजन येते. इंग्रजीचे दार आपल्या समाजाला फार उशिरा आणि फार झगडून उघडावे लागले, म्हणून भारदस्त शब्दांचा आपल्याला मोह पडतो, आणि मला त्या मोहाची थट्टा करावीशी वाटत नाही. परंतु जो शब्द आपण आपल्या मुलांच्या नावाने लिहितो, त्याचा अर्थ आपण पाहून घेतला पाहिजे.

प्रथम व्याकरण पाहू, कारण मसुद्यांतील चूक बहुधा तेथेच असते. मराठीत ‘मुलांना मूल्ये शिकविणे’ या रचनेत मुलेही येतात आणि मूल्येही येतात, आणि दोघांचेही क्रियापदाशी सरळ नाते असते. इंग्रजीत ‘टीच’ या क्रियापदाला अशी दोन कर्मे चालतात. म्हणून आपले लेखक ‘इन्कल्केट द चिल्ड्रन गुड व्हॅल्यूज्’ असे लिहितात, ते मात्र चालत नाही. या क्रियापदाचे कर्म म्हणजे मूल्य, विचार, सवय. आणि ज्याला ते द्यावयाचे तो माणूस ‘इन’ किंवा ‘इन्टू’ या अव्ययाच्या मागे उभा राहतो. काही जण ‘इन्कल्केट द चिल्ड्रन विथ’ असेही लिहितात. कोशांनी अलीकडे त्याची नोंद घेतली असली, तरी जुन्या वळणाचे शिक्षक ते खोडतात, आणि मीही खोडतो.

ही केवळ व्याकरणाची बारीक गोष्ट आहे असे आपणांस वाटेल. मलाही अनेक वर्षे तसेच वाटत होते. पण वाक्याची घडण पाहा. कर्ता आई-बाप, शिक्षक किंवा संस्था. कर्म मूल्य. आणि मूल? मूल हे या वाक्यात नुसते ठिकाण आहे, भांड्यासारखे. त्याने काही करावयाचे नाही. त्याच्यात काहीतरी घातले जावयाचे आहे.

शब्दाचे कूळ काढले तर प्रकरण आणखी गंभीर होते. लॅटिन भाषेत टाचेला ‘कॅल्क्स’ म्हणतात. त्यावरून तुडविणे, पायाखाली दाबणे या अर्थाचे क्रियापद झाले, आणि त्याला ‘इन’ हा उपसर्ग लागून ‘आत तुडवून बसविणे’ असा अर्थ निघाला. ओल्या मातीवर टाच रोवून खूण उमटवावी तसा विचार मनावर पुनःपुन्हा दाबून बसविणे, हा या क्रियापदाचा मूळ आशय. सोळाव्या शतकापासून ते इंग्रजीत वावरत आहे आणि आज इंग्रजी बोलणाऱ्याला त्यातील टाच जाणवत नाही, हे खरे. शब्दांची मुळे विसरली जातात, आणि मुळावरून प्रत्येक शब्दाला गुन्हेगार ठरविणे हे शहाणपणाचे नाही. तरीही ‘पुनःपुन्हा बजावून ठसविणे’ हा त्याचा चालू अर्थ कोश देतातच. आणि आपण ज्या समाजातून आलो त्या समाजाला टाच म्हणजे काय हे कोशात पाहावे लागत नाही. आपल्या पूर्वजांच्या मनावर ‘तू नीच आहेस’ हा विचार शतकानुशतके कोणत्या रीतीने बसविला गेला? तो युक्तिवादाने पटविलेला नव्हता. पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीशी, शाळेच्या बाहेरच्या पडवीत तो रोज, न चुकता, दाबला गेला. इतका की पुष्कळांना तो स्वतःचाच विचार वाटू लागला. ‘इन्कल्केट’ या क्रियापदाचे याहून पूर्ण उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आता तथागतांनी आपल्या पुत्राला कसे शिकविले ते पाहू. मज्झिम निकायात राहुलाला केलेल्या उपदेशाचे एक सुत्त आहे. राहुल तेव्हा लहान होता. परंपरा त्याचे वय सात वर्षे सांगते. तो अंबलट्ठिका येथे राहत असताना भगवान त्याला भेटावयास गेले. राहुलाने आसन मांडले, पाय धुण्यास पाणी ठेवले. भगवंतांनी पाय धुतले आणि भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले. (या कथेत टाचेचा उल्लेख म्हणावयाचा तर एवढाच, धुण्यापुरता.) मग त्यांनी विचारले, राहुला, हे उरलेले थोडे पाणी दिसते का? जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रमणत्व एवढेसेच असते. मग ते पाणी फेकून दिले, भांडे पालथे केले, पुन्हा सुलटे करून रिकामे दाखविले, आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न, दिसते का? मुलाने प्रत्येक वेळी पाहिले आणि होय म्हटले.

एवढे झाल्यावर भगवंतांनी विचारले, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. तेव्हा भगवान म्हणाले की त्याप्रमाणेच शरीराने, वाणीने किंवा मनाने कोणतेही कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतरही ते पाहावे. त्याने स्वतःला पीडा होते का, दुसऱ्याला होते का, दोघांनाही होते का? होत असेल तर ते करू नये; करून चुकला असेल तर गुरूजवळ किंवा सुज्ञ सोबत्याजवळ ते उघड करावे आणि पुढे सावध राहावे; होत नसेल तर आनंदाने करीत जावे.

या उपदेशात आज्ञा एक आहे, ती म्हणजे थट्टेतही खोटे बोलू नये. बाकी सर्व एक साधन आहे, आणि ते साधन सात वर्षांच्या मुलाच्या स्वतःच्या हाती दिलेले आहे. बाप जवळ नसतानाही ते चालते. आपल्या मराठी भाषेत यासाठी जे क्रियापद आहे ते मोठे अर्थपूर्ण आहे. आपण म्हणतो, मनावर ‘बिंबविणे’. बिंब म्हणजे प्रतिमा, आरशातले रूप. ज्या भाषेत टाच आहे ती भाषा वाईट आणि आपली चांगली असा याचा अर्थ नाही. आपल्याही भाषेत ‘ठसविणे’ आहे, ‘कोंबणे’ आहे, आणि छडीचे माहात्म्य सांगणारी म्हण आपणही ऐकलेली आहे. उलट इंग्रजीतही ‘इन्स्टिल’ नावाचे एक मृदू क्रियापद आहे, ज्याच्या मुळाशी लॅटिनमधील थेंब आहे. थेंबाथेंबाने घडा भरतो, हा दाखला धम्मपदातही आहे. आणि तेथे तो पापासाठीही दिला आहे आणि पुण्यासाठीही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

राहुलाला केलेला हा उपदेश सम्राट अशोकाला एवढा मोलाचा वाटला की राजस्थानातील बैराट येथील शिलालेखात ज्या सात धम्मग्रंथांची त्याने शिफारस केली त्यांत याची गणना आहे. असत्य भाषणाविषयी राहुलास केलेला उपदेश, असा त्याचा उल्लेख आहे. भिक्षूंनी आणि भिक्षुणींनी, उपासकांनी आणि उपासिकांनी हे ग्रंथ वारंवार ऐकावेत आणि मनात धरावेत, अशी राजाने इच्छा प्रकट केली. ती शिला आज कोलकात्यास एशियाटिक सोसायटीत आहे. ज्याच्या हाती साऱ्या साम्राज्याचा दंड होता त्यानेही येथे आज्ञापत्र काढलेले नाही. त्याने सुचविले आहे, आणि आपल्याला हे ग्रंथ का प्रिय आहेत हे सांगितले आहे.

येथे ‘वारंवार’ हा शब्द आहे, आणि त्यावर आपणांपैकी काही जण मला अडवतील. तुम्ही पुनरावृत्तीला टाच म्हणता, मग विहारात मुलांकडून रोज त्रिशरण-पंचशील म्हणवून घेतो ते काय? प्रश्न रास्त आहे. पाठांतराला मी कमी लेखीत नाही. संपूर्ण त्रिपिटक कित्येक शतके भाणकांच्या कंठातच जगले. ते लिहिले गेले ते इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, सिंहलद्वीपात. पाठांतर नसते तर राहुल-सुत्त आपल्यापर्यंत आलेच नसते. पण मुले काय पाठ म्हणत आहेत तेही ऐका. पंचशीलातील प्रत्येक शीलाच्या शेवटी एक क्रियापद येते, ‘समादियामि’. त्याचा अर्थ, मी ग्रहण करतो, मी ग्रहण करते. आणि जे ग्रहण करावयाचे त्याला ‘सिक्खापद’ म्हटले आहे, शिकण्याचे पाऊल. पाच वेळा मूल हे म्हणते आणि पाचही वेळा वाक्याचा कर्ता ते स्वतः असते. बावीस प्रतिज्ञांचेही तसेच आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला भदन्त चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी स्वतः दीक्षा घेतली आणि मग लाखोंच्या समुदायाला त्या प्रतिज्ञा दिल्या, तेव्हा त्यांनी त्या ‘मी’ या कर्त्याने रचल्या. ‘तुम्ही मानू नका’ असे त्या सांगत नाहीत. ज्याने त्याने उठून, आपल्या तोंडाने, आपल्या नावावर म्हणावयाच्या त्या आहेत. वडिलांनी प्रतिज्ञा घेतली म्हणून मुलाची आपोआप झाली असे त्यांत कोठेही नाही.

यास्तव पाली पाठ करून घ्या, अवश्य घ्या. परंतु ज्या दिवशी पाठ झाला त्याच दिवशी मातृभाषेत त्याचा अर्थ सांगा आणि ‘समादियामि’ म्हणजे कोण, हे मुलालाच विचारा. पुष्कळ घरी असे दिसते की मूल पाहुण्यांपुढे पंचशील खणखणीत म्हणते, पाहुणे टाळ्या वाजवितात, आणि मूल अर्थ विचारावयास लागले की ‘मोठा झालास की कळेल’ असे उत्तर मिळते. हेच उत्तर आपल्या आजोबांना मंत्राचा अर्थ विचारल्यावर मिळत होते.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. एक माता मला म्हणाली, सर, आम्ही मुलांना मोकळे सोडले तर इतर कोणी मोकळे सोडणार आहे का? दूरदर्शन संचावर पुराणे चालू आहेत, शाळेत सरस्वतीची वंदना आहे, चौकात मंडप आहे, सोबत्यांच्या घरी आरती आहे, आणि आता हातातल्या मोबाईलवर तर चोवीस तास आहे. आम्ही न ठसविले तर ते ठसवतील. तिचे म्हणणे खरे आहे, आणि ज्यांना पिढीजात स्वातंत्र्य आहे त्यांनी तिला उदारमतवादाचे धडे देऊ नयेत. मुलाचे मन ही कोरी पाटी नसते. ती पाटी भरावयास आसपास अनेक हात टपलेले असतात. मी तिला एवढेच विचारले की त्या साऱ्या हातांशी आपण टाचेच्या बळावर स्पर्धा केली तर कोणाची टाच जड पडेल? त्यांच्यापाशी सण आहे, मिठाई आहे, ढोल आहे, बहुसंख्या आहे. आपल्यापाशी त्यांच्याजवळ नसलेली एकच गोष्ट आहे. आपला शास्ता आपल्याला प्रश्न विचारू देतो.

केसपुत्त नगरातील कालामांची कथा आपण ऐकली असेल. त्यांच्याकडे निरनिराळे आचार्य येत, प्रत्येक जण आपले मत थोर म्हणे आणि दुसऱ्याचे तुच्छ ठरवी. कालामांनी भगवंतांना विचारले, कोणाचे खरे मानावे? या शंकेबद्दल भगवंतांनी त्यांना रागे भरले नाही. शंका घेणे योग्य आहे असेच सांगितले. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, तर्काला जुळते म्हणून, एवढेच काय पण हा श्रमण आमचा गुरू आहे म्हणूनही मानू नका. लोभाने, द्वेषाने, मोहाने माणसाचे हित होते की अहित, ते स्वतः तपासा. त्या माउलीचा मुलगा मंडपातून घरी आल्यावर काही विचारील, तेव्हा रागावण्याऐवजी त्याच्याबरोबर हे तपासण्यास बसावे. त्यात वेळ जातो. आईबाप दोघेही कामावर असणाऱ्या घरात वेळच नसतो, हेही मला ठाऊक आहे.

आपणांपुढे याचे सर्वांत मोठे उदाहरण खुद्द बाबासाहेबांचे आहे. आपल्या धम्मग्रंथासाठी लिहिलेल्या एका प्रस्तावनेत त्यांनी आपले बालपण सांगितले आहे. वडील रामजी सुभेदार शिस्तीचे आणि धार्मिक वृत्तीचे. मुलांनी रामायण-महाभारत वाचलेच पाहिजे असा त्यांचा दंडक होता. बाळ भीमरावाने वडिलांना विचारले की ज्या ग्रंथांत आपल्या लोकांना हीन लेखले आहे ते आपण का वाचावेत? वडिलांनी उत्तर दिले की कर्ण, द्रोण, वाल्मीकी यांच्यासारखी माणसे लहान स्थितीतून वर चढली हे वाचून आपल्या मनातला न्यूनगंड जावा म्हणून. उत्तरात तथ्य होते, पण मुलाचे समाधान झाले नाही. त्याने त्या थोर म्हणविल्या जाणाऱ्या पुरुषांच्या आचरणावरच आक्षेप घेतले. पुढे परीक्षा उत्तीर्ण झाल्याच्या सत्कारप्रसंगी कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती ठेवले. त्याने ते वाचले आणि तो भारावून गेला, एवढेच. कोणी बजावले नाही, कोणी पाठ करवून घेतले नाही. दंडकाने वाचून घेतलेले ग्रंथ मागे पडले आणि भेट मिळालेले एक पुस्तक 1956 च्या विजयादशमीपर्यंत आतल्या आत काम करीत राहिले. तरीही सुभेदारांचा उपकार विसरू नये. मुलाने आपल्याला उलट प्रश्न विचारावा आणि आपण त्याला उत्तर देण्यास बांधील असावे, एवढी मोकळीक त्या करड्या घरात होती. त्या काळी ती किती घरांत असेल?

आणखी एक उदाहरण आपल्याकडे असूनही आपण ते मुलांना क्वचित सांगतो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो 1855 साली ‘ज्ञानोदय’ पत्रात छापला गेला. तिने विचारले आहे, वेद ब्राह्मणांचेच असतील तर आम्हाला धर्मपुस्तक नाही हे उघड आहे. मग आमचा धर्म कोणता? तिला अक्षरे गुरुजनांनी शिकविली, वाचावयास पुस्तके त्यांनी दिली, धीर त्यांनी दिला. हा प्रश्न मात्र तिचा आहे. कोणाच्याही टाचेने तो शाळकरी मुलीच्या मनावर उमटविता आला नसता. त्याचे उत्तर नागपूरला मिळण्यास 101 वर्षे लागली.

आता हक्कांविषयी. हे पाक्षिक हक्कांचेही आहे, आणि आपण सर्वांनी संविधानाचा अनुच्छेद 28 वाचून ठेवला पाहिजे. सर्वस्वी राज्याच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याकडून साहाय्य घेणाऱ्या शाळेत ते दिले जात असेल, उपासना होत असेल, तर तेथे शिकणाऱ्या कोणावरही त्यात भाग घेण्याची सक्ती करता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर त्याच्या पालकाची संमती लागते. आपल्या मुलीला एखाद्या पूजेस हात जोडून उभे केले जात असेल आणि ते आपणांस मान्य नसेल, तर मुख्याध्यापकांना या अनुच्छेदाचा हवाला देऊन लेखी अर्ज करा, त्याची पोच घ्या. भांडण नको, उद्धट भाषा नको, पण अर्ज हवा. 1976 साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घातली गेली. त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी यांचा उल्लेख आहे. तेथे योजलेले इंग्रजी क्रियापद ‘डेव्हलप’ असे आहे, विकसित करणे. नागरिकाने ती बुद्धी स्वतः वाढवावयाची आहे. राज्याने त्याच्यात ती ‘इन्कल्केट’ करावी असे म्हटलेले नाही, आणि मला ते योग्य वाटते. शोधक बुद्धी दाबून बसविता येईल अशी वस्तूच नव्हे.

या अनुच्छेद 28 ची एक दुसरी बाजू आहे, आणि ती बोलण्यास मला थोडा संकोच वाटतो. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थाने मुलाच्या शाळेला असा अर्ज दिला. अर्ज उत्तम होता. त्यातील इंग्रजी मीच सुधारून दिले होते. शाळेने तो मानला. त्याच महिन्यात पौर्णिमेच्या वंदनेला उठावयास मुलाने कंटाळा केला म्हणून या गृहस्थाने त्याला मारले, आणि मला ते अभिमानाने सांगितले. शाळेच्या दारात ज्या सक्तीविरुद्ध आपण संविधान उघडले ती सक्ती घराच्या दारात आल्यावर तिचे नाव संस्कार झाले. कायद्याला पालकाची संमती पुरते. घरात मुलासाठी कोणताही अनुच्छेद 28 नाही. मी त्यांना त्या वेळी काही बोललो नाही. आज येथे बोलत आहे, ते वाचतील आणि ओळखतील.

‘संस्कार’ हा शब्दही जाता जाता तपासावा. ज्या परंपरेतून तो आला तेथे संस्कार म्हणजे विवक्षित विधी, आणि त्यांपैकी विद्येचे दार उघडणारे उपनयन शूद्राला निषिद्ध होते. म्हणजे काही माणसांवर संस्कार करावयाचे आणि काहींना त्यांच्यावाचून ठेवावयाचे, अशी ती व्यवस्था होती. पालीत याच शब्दाचे रूप ‘संखार’. तेथे त्याचा अर्थ जुळून आलेली, घडलेली गोष्ट. आणि घडलेले सर्व नाश पावणारे आहे, म्हणून प्रमाद न करता यत्न करीत राहा, हा तथागतांचा अखेरचा उपदेश. ‘संस्कार’ शब्द टाकून द्या असे मी म्हणत नाही. तो आपल्या बोलण्यात मुरलेला आहे. पण एकदा केला की जन्मभर पुरतो असा संस्कार नसतो, हे आपल्या धम्माच्या भाषेतच सांगितले आहे.

आणि आरशाचे काय? मुलाला दिलेला आरसा मूल आधी आपल्याकडेच वळविते. प्रतिज्ञेत मद्य वर्ज्य केले आहे हे त्याला पाठ असते, आणि पगाराच्या दिवशी बाप कोणत्या वाटेने घरी येतो हेही ठाऊक असते. सर्व माणसे समान ही प्रतिज्ञा ते विहारात म्हणते, आणि बहिणीच्या लग्नाचा प्रश्न आला की पूर्वीच्या पोटजातीची चौकशी कशी हळू आवाजात होते ते माजघरातून ऐकते. आपण पंचांग सोडले म्हणता, पण तारीख ठरविताना कोणीतरी ‘सहज’ पाहून येतो. दारावर लिंबू-मिरची नसते, तान्ह्याच्या पायात मात्र काळा दोरा असतो. ‘आजीच्या समाधानासाठी’ असे उत्तर मिळते. आजीचे समाधान ही लहान गोष्ट नव्हे. तिच्यावर रागावून दोरा तोडणारा नातू मला आवडणार नाही. त्याने आजीजवळ बसून, हा दोरा नसता तर काय झाले असते असे विचारावे, आणि तिचे उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे. त्या उत्तरात बहुधा एखादे गेलेले मूल असते.

त्या मसुद्याचे पुढे काय झाले तेही सांगतो. गेल्या खेपेला जो आला, त्यातील ‘इन्कल्केट’ मी प्रथमच खोडले, व्याकरण बरोबर असूनही. चिटणीस तरुण आणि हुशार आहेत. त्यांनी विचारले, मग काय लिहू? मी म्हणालो, इंग्रजी हवेच असेल तर ‘कल्टिव्हेट’ लिहा, त्यात निदान नांगर आहे. तथागतांनीही एकदा एका शेतकरी ब्राह्मणाला आपण शेतीच करतो असे सांगितले होते. परंतु खरे म्हणजे कर्ताच बदला. विहारात येणारी मुले आणि मुली त्रिशरण-पंचशीलाचा अर्थ आपल्या भाषेत समजून घेतील, त्यावर प्रश्न विचारतील आणि त्यांना उत्तर देण्याची व्यवस्था मंडळ करील, असे कलम मी मराठीत लिहून दिले. चिटणिसांना ते लांब वाटले. नोंदणी कार्यालयात जुन्या शब्दाने कोणाचेही अडत नाही, असेही ते म्हणाले, आणि ते खरे आहे. विषय पुढील बैठकीवर ठेवला आहे. त्या बैठकीला वस्तीतील सातवी-आठवीची मुलेमुलीही बसवावीत, कलम त्यांच्याविषयी आहे, असे मी त्यांना पत्राने कळविले. अद्याप उत्तर आलेले नाही.